लव्हाळा, मेहुणे आणि एक काना

मानव आणि वनस्पती यांच्या सनातन संघर्षात अंतिम विजय मानवाचाच आहे; प्रश्न फक्त इच्छाशक्तीचा असतो.

हे वाक्य मी आमच्या शेताच्या बांधावर, कमरेवर हात ठेवून, मोठ्याने उच्चारले. उभी हयात वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिण्यात गेल्यामुळे एखादे वाक्य जमून आले की ते वाया जाऊ नये असे मला वाटते. श्रोत्यांत फक्त बायको होती. ती हातात खुरपे घेऊन माझ्या पायांकडे पाहत होती.

"जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "त्याच्यावरच उभे आहात."

मी बाजूला झालो. बुटाखाली चेपलेला लव्हाळा क्षणभर विचारात पडल्यासारखा आडवा राहिला आणि मग, सभेत उशिरा आलेला माणूस खुर्चीत सावरून बसतो तसा, सावकाश उभा राहिला.

ज्यांना लव्हाळा माहीत नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. हे दिसायला अगदी गरीब तण आहे. बारीक, चकचकीत, हिरवी पाने. पाहुणा म्हणून घरी आला तर चहासुद्धा नको म्हणेल असा चेहरा. पण त्याचा खरा कारभार जमिनीखाली चालतो. तिथे काळ्या गाठी असतात, एका धाग्यात ओवल्यासारख्या, एकीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी. वरून उपटला की पाने आपल्या हातात येतात आणि गाठ खालीच राहते. चार दिवसांनी ती आणखी दोन भाऊ घेऊन वर येते.

शेत सासऱ्यांचे. त्यांच्या पश्चात ते निम्मे बायकोकडे आणि निम्मे तिच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्यांकडे आले. माझ्याकडे लव्हाळा आला.

'शेत' हा शब्दही मीच वापरतो. मेहुणे त्याला 'तो तुकडा' म्हणतात. ते हयातभर कारखान्यात तपासनीस होते, त्यामुळे कोणतीही गोष्ट पाहिली की तिच्यात काय खोट आहे हेच त्यांना आधी दिसते. लग्नात त्यांनी मला असेच पाहिले होते. त्यांचे म्हणणे असे की तुकडा सपाट करावा, वर सिमेंट ओतावे, पत्र्याची शेड घालावी आणि आत लोकांच्या गाड्या लावू द्याव्यात. सिमेंटला खुरपणी लागत नाही.

बायकोला तिथे कांदा हवा होता. तिच्या वडिलांनी त्याच मातीत कांदा काढला होता आणि ती लहानपणी त्या वाफ्यांमध्ये बसून अभ्यास करायची. याहून जास्त ती काही बोलली नाही. पण स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने ट्रे मांडून कांद्याचे रोप टाकले आणि रोज सकाळी चहाच्या गाळणीतून त्यावर पाणी धरू लागली. तेव्हापासून आमचा चहा भांड्यावर कपडा बांधून गाळला जाई.

"हे बघा भाऊजी," मेहुणे मुलीकडे जायला निघताना मला म्हणाले, "मी परत आलो की पहिल्या रविवारी तिकडे येणार. कांदा दिसला, तर कांदा. लव्हाळा दिसला, तर सिमेंट. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. "तुम्हाला तिथे लव्हाळ्याचं नखही दिसणार नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी लेख वेळेत देतो म्हणून संपादकांना सांगायचो, तेव्हाही ती असेच पाहायची.

आपल्या समाजात सल्ल्याचा तुटवडा कधीच नव्हता. मी पहिल्या दिवशी खुरपे घेऊन बसलो आणि थोड्याच वेळात बांधावर दोन शेजारी बसलेले होते. त्यांतले एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचे शेत आमच्या डावीकडे. दुसरे वकील. त्यांचे शेत उजवीकडे आणि दावे सगळीकडे.

"किती वर्षं आहे हा इथे?" वकिलांनी विचारले.

"बरीच."

"कुणी हरकत घेतली होती का मध्ये?"

"नाही बुवा."

"मग अवघड आहे. ताबा त्याचा. उद्या तोच तुम्हाला बाहेर काढू शकतो."

पोस्टमास्तर व्यवहारी. ते म्हणाले, "उपटू नका हो. दाबा. वर्तमानपत्रांचे थर घाला, एकावर एक, वर माती. उजेड बंद. महिन्याभरात मरतो."

वर्तमानपत्रे माझ्याकडे होती. म्हणजे, माळ्यावर माझ्या सदराच्या अंकांचे गठ्ठे होते. पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांसाठी मी ते जपले होते. पण अभ्यासक येण्याची चिन्हे नव्हती आणि मेहुणे येणार हे नक्की होते. मी हृदयावर दगड ठेवला आणि गठ्ठ्यांवरही. सारा वाफा माझ्या साहित्याने झाकला गेला. बायको म्हणाली, "आता ते खरंच तळागाळापर्यंत पोचेल."

पुढच्या आठवड्यात लव्हाळा वर आला. कडेने नव्हे, फटीतून नव्हे, सरळ अक्षरांतून. त्याच्या कोंबांची टोके सुईसारखी असतात. माझ्या एका अत्यंत गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातून तो वर आला होता आणि दुसऱ्या एका लेखाचा शेवटचा परिच्छेद, जो संपादकांनी त्या काळी उडवायला सांगितला होता आणि मी उडवू दिला नव्हता, तो त्याने पूर्ण उडवला होता. आयुष्यभर वाचकांनी माझे लेखन वरवर चाळले. आरपार जाणारा हा पहिलाच.

त्यावर मी यंत्र आणले. यंत्रवाला तोंडात काडी धरूनच आला. "साहेब, एक फेरी मारतो," तो म्हणाला, "की जमीन ओळखू येणार नाही."

तो शब्दाला जागला. यंत्राने जमीन पिठासारखी केली, गाठींचे धागे तोडले आणि एकेका गाठीला स्वतंत्र संसार थाटून दिला. पूर्वी लव्हाळा एका कोपऱ्यात दाट होता. आता तो सगळीकडे समसमान झाला. इतके न्याय्य वाटप मी कोणत्याही राजवटीत पाहिलेले नाही.

बायको बांधावरून ते पाहत होती. घरी खिडकीतले रोप वीतभर होऊन वाकायला लागले होते. ती एवढेच म्हणाली, "फार दिवस थांबणं होणार नाही." ती रोपाबद्दल बोलत होती की भावाबद्दल, ते मी विचारले नाही.  मी तिच्या भावाला शब्द दिला होता. कांदा तिचा होता.

तेव्हा मी शासनाकडे गेलो.

शेतीचे कार्यालय चार मजली आहे आणि माणसाची चिकाटी मोजण्यासाठी बांधलेले आहे. पहिल्या मजल्यावर गवताचा विभाग होता. तिथल्या साहेबांनी मी पिशवीतून काढलेला नमुना दोन बोटांत धरला, फिरवला आणि समाधानाने परत दिला.

"हे आमच्याकडे येत नाही. हे गवत नाही."

"गवत नाही? मग काय आहे?"

"बुंध्याशी हात लावून बघा. दांडा त्रिकोणी आहे. गवताचा दांडा गोल असतो. हे वेगळं कूळ."

"साहेब, पण त्रास तोच आहे हो."

"त्रास गोल असता तर आम्ही घेतला असता," ते म्हणाले. त्यांनी विनोद केला नव्हता; मी विनोद ओळखतो.

दुसऱ्या मजल्यावर पिकांचा विभाग. त्यांनी विचारले, "हे तुम्ही लावलंय का?" मी म्हणालो, नाही. "मग पीक नाही," असे म्हणून त्यांनी डबा उघडला. तिसऱ्या मजल्यावर मला कुणीच काही सांगितले नाही, कारण जेवणाची सुटी होती. मी जिन्याकडे वळलो आणि तिथे भिंतीवर काळ्या रंगात रंगवलेली पाटी दिसली. 'तणमुक्ती केंद्र', खाली फोन नंबर आणि त्याखाली, 'संकोच करू नका. आम्ही आहोत.'

माझा शासनावरचा विश्वास परत आला. 'त' आणि 'ण' यांच्यामध्ये रंगाऱ्याने जरा जास्तच जागा सोडली होती. पण मी मोठ्या मनाने ते रंगाऱ्याच्या नावावर टाकले. दाराला कुलूप होते. मी तिथेच उभा राहून नंबर फिरवला. माझा डावा कान गेली काही वर्षे मानद पदावर आहे; आणि उजव्या बाजूला एक शिपाई लोखंडी स्टूल फरशीवरून ओढत नेत होता, म्हणून फोन डाव्याच कानाला लावावा लागला.

"बोला," एका तरुण बाईंचा अत्यंत मऊ आवाज आला. "अगदी मोकळेपणानं बोला."

सरकारी कार्यालयात मला मोकळेपणाने बोला असे कुणी कधी म्हटले नव्हते. मला भरून आले.

"तण फार वाढलंय हो," मी म्हणालो.

"कधीपासून आहे तो?"

इथे मी थबकलो. 'तण' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. बाई 'तो' म्हणाल्या. दुसरा कुणी असता तर मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली असती, मला त्याची सवय आहे. पण लगेच उलगडा झाला. लव्हाळा पुल्लिंगी! नुसत्या माझ्या आवाजावरून बाईंनी तण कोणते ते ओळखले होते. याला म्हणतात तज्ज्ञ.

"शेत हातात घेतल्यापासून आहे," मी म्हणालो.

"म्हणजे कामाचा आहे."

"छे, अगदी बिनकामाचा!"

"सगळ्यांना तसंच वाटतं, काका. दाबून ठेवायचा प्रयत्न केलात?"

"केला ना. माझं सगळं लेखन वर घातलं. आरपार वर आला."

"दाबला की वर येतोच तो. मुळाशी काय आहे असं वाटतं तुम्हाला?"

"गाठी! एक सोडवली की खाली दुसरी."

"जुन्या असतील."

"सासऱ्यांच्या वेळच्या आहेत."

"अच्छा," पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज आला. "सासरे. आणि घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

"बायको गप्प असते. मेहुणे म्हणतात, कशाला त्याच्याशी झगडत बसता, वरून सिमेंट ओता, कायमचा गप्प होईल."

पलीकडचे लिहिणे थांबले.

"काका," आवाज आता मऊ राहिला नव्हता, "हे मेहुणे खरंच म्हणाले?"

"म्हणाले म्हणजे? मुलीकडून परत आले की सिमेंटवाल्यालाच घेऊन येणार आहेत."

"पत्ता सांगा. आम्ही उद्या सकाळी येतो. तोवर मेहुण्यांचा फोन आला तर घेऊ नका."

शासन इतक्या तत्परतेने हलते हे मी बायकोला संध्याकाळी किमान तीनदा सांगितले. तिने चहा कपड्यातून गाळता गाळता विचारले, "फवारणीचं काही म्हणाल्या का?" मी म्हणालो, "अगं, त्या फवारणीच्या पलीकडे गेलेल्या आहेत. त्या थेट मुळाशीच गेल्या."

सकाळी बाई आल्या. आमच्या मुलीच्या वयाच्या असतील. बरोबर एक धिप्पाड सहकारी होता आणि तो उतरल्यापासून इकडेतिकडे सिमेंट शोधत होता.

"मेहुणे कुठे आहेत?" त्याने विचारले.

"अजून मुलीकडेच."

"म्हणजे सध्या धोका नाही," तो बाईंना म्हणाला आणि बांधाच्या टोकाला पाय रोवून उभा राहिला.

बाई मात्र शांतपणे माझ्याजवळ बांधावर बसल्या. "काका, आत्ता या क्षणी तो कुठे जाणवतोय तुम्हाला?"

"हा काय," मी हात फिरवला. "जिकडे बघाल तिकडे."

"बरं. डोळे मिटा आणि आता त्याच्याकडे जरा लांबून बघा."

"डोळे मिटून कसं बघू?"

"आतून बघायचं."

मी डोळे मिटून आतून पाहिले. आतही लव्हाळाच होता. तसे सांगितल्यावर बाईंनी हळुवारपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडावंसं वाटलं तर रडा." मला तसे काही वाटत नव्हते, पण शासकीय पद्धतीचा भाग असेल तर सहकार्य करावे म्हणून मी चेहरा पाडला.

एवढ्यात बायको थर्मास घेऊन आली. ती थोडा वेळ उभी राहून ऐकत होती. माझा प्रत्येक लेख छापायला जाण्यापूर्वी तिच्या नजरेखालून जात आला आहे; तिच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही 'ताण' म्हणताय का?"

"हो. ताणमुक्ती केंद्र. आम्ही मनावरच्या ताणावर काम करतो."

"हे 'तण' म्हणताहेत. गवत."

"गवत नाही," मी म्हणालो. "दांडा त्रिकोणी आहे." पण माझ्या आवाजात जोर उरला नव्हता.

धिप्पाड सहकाऱ्याने कपाळावर हात मारला. "पाईप! मॅडम, तो पाईप!" मग खुलासा झाला. पाटी रंगवली तेव्हा भिंतीवरून वायरचा एक पाईप बरोबर त्या जागी उभा खाली आलेला होता. रंगारी काटकसरी. त्याने पाईपलाच काळा रंग दिला आणि त्याचा काना केला. गेल्या महिन्यात वायरी बदलताना पाईप निघाला, आणि पाईपाबरोबर काना.

म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांवर पोट भरले, त्याला एक कान आणि एक काना, दोघांनी मिळून गाठले होते. मी याबद्दल निषेध नोंदवणार होतो. पण कुणाचेच माझ्याकडे लक्ष नव्हते. सगळे बाईंकडे पाहत होते. बोलता बोलता बाईंचा हात आपोआप खाली चालू राहिला होता आणि त्यांच्याशेजारी लव्हाळ्याचा चांगला ढीग झाला होता. गाठींसकट. धागा न तोडता.

"अय्या," त्या ढिगाकडे पाहून म्हणाल्या. "काका, गेला तासभर मला ऑफिसची आठवणसुद्धा झाली नाही."

"तुम्हालाही आहे का ताण?" बायकोने विचारले.

"दिवसभर लोकांचा ऐकायचा म्हणजे..." त्यांनी आणखी एक गाठ ओढली. ती मातीतून सुटताना 'टुप्' असा बारीक आवाज झाला. बाईंनी डोळे मिटले. "काका, माझ्या गटाला इथे आणलं तर चालेल?"

पुढच्या शनिवारपासून गट येऊ लागला. बँकेतले एक साहेब, जे कोणाचाही धक्का लागला की आपणच माफी मागत आणि खुरपे मातीत घालण्यापूर्वीही "माफ करा" म्हणत. एका शाळेच्या मुख्याध्यापिका. आणि बसस्थानकावर गाड्या उशिरा येणार असल्याच्या घोषणा करणाऱ्या एक बाई, ज्यांना गाड्यांच्या वाट्याच्या सगळ्या शिव्या रोज ऐकाव्या लागत.

मी त्यांना प्रास्ताविक केले. मानव, वनस्पती, संघर्ष, इच्छाशक्ती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काका, खाली बसा, उजेड अडतोय."

काय सांगू! ही माणसे तणावर तुटून पडली. बँकेतले साहेब प्रत्येक गाठ वर काढून तिला वरिष्ठाचे नाव देत आणि मग बादलीत टाकत. पहिल्या दिवशी हळू टाकत, नंतर नेम धरून. मुख्याध्यापिका "रांगेत या, रांगेत या" असे पुटपुटत धाग्यामागून धागा काढत. घोषणावाल्या बाई लांब गाठ निघाली की खणखणीत आवाजात जाहीर करत, "निघाली आहे! वेळेवर निघाली आहे!" आणि बाकीचे टाळ्या वाजवत. पोस्टमास्तर बांधावर बसून पाहत राहिले आणि तिसऱ्या खेपेला काही न बोलता आत उतरले. वकिलांनी मात्र, इतकी माणसे जमवण्याला परवानगी लागते, एवढा सल्ला दिला.

लव्हाळा हटत गेला. तो परत येई, पण हे लोकही परत येत. आणि त्यांच्या घरी, कचेरीत जे काही चालले होते ते पाहता लव्हाळ्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. मी देखरेख करत होतो. कुणीतरी करायला हवी.

मेहुणे परतल्याचा निरोप आला त्या शनिवारी जमीन काळीभोर, मोकळी झाली होती. गट घरी गेल्यावर बायकोने ट्रे आणले. संध्याकाळपर्यंत वाकून, एकेक रोप बोटाने दाबत तिने सगळे वाफे लावले. मी तिला रोपे हातात देत होतो. उठताना तिने पाठ सरळ केली, त्या हिरव्या ओळींकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबांच्या ओळी सरळ यायच्या. माझ्या जरा तिरक्या आल्या." पण ती हसत होती. मी तिला इतके हसताना माझ्या लेखांवर कधी पाहिले नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बँकेतले साहेब आधीच आलेले होते.

ते वाफ्यांच्या मधोमध बसले होते. चेहऱ्यावर पहाटेच्या तळ्यासारखी शांती होती. "माफ करा, जरा लवकर आलो," ते म्हणाले. "काल रात्री वरिष्ठांचा फोन आला. झोपच लागेना. इथे बघतो तर हा एका रात्रीत सगळीकडे उगवलेला! आणि काय शिस्तीत! पण आज सोडला नाही. एकही ठेवला नाही. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू."

कांद्याचे कोवळे रोप आणि लव्हाळा यांत लांबून फरक कळत नाही. जवळूनही, वरिष्ठांचा फोन येऊन गेला असेल, तर कळत नाही. साहेबांच्या मागे ढीग होता. त्यात बायकोचे सगळे रोप होते आणि कडेकडेचा उरलासुरला लव्हाळाही, एकात एक गुंतलेले.

 बायको ढिगाजवळ जाऊन बसली. साहेबांना कळले तेव्हा त्यांना माफीसाठी शब्दच सापडेनात. तो शब्द त्यांनी इतर ठिकाणी वापरून संपवला होता. गटातले बाकीचे आले आणि ढिगाभोवती उभे राहिले. आणि बांधापलीकडे मेहुण्यांच्या गाडीचा भोंगा वाजला.

मेहुणे कडक इस्त्रीच्या विजारीत उतरले. मागे सिमेंटवाला, हातात टेप. मेहुण्यांनी तपासनिसाच्या नजरेने जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"लव्हाळा नाही," ते म्हणाले. आवाजात नाइलाज होता. मग पुन्हा पाहिले. "कांदाही नाही."

"हा प्रसंग तुमच्या करारात नव्हता," वकील उत्साहाने बांधावरून म्हणाले.

"साहेब, सपाट केलीय की यांनी आयती," सिमेंटवाला म्हणाला. "गाडी कधी पाठवू?"

मी पुढे झालो. काहीतरी ठणकावून बोलायला हवे होते. वाक्येही तयार होती. पण बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "दादा, इकडे ये. बस."

"अगं, माझी विजार—"

"बस म्हणते ना."

मेहुणे बसले. धाकटी बहीण या आवाजात बोलली की थोरले भाऊ बसतात. कारखान्यातही त्यांना कुणी असे बसवले नसेल. तिने ढिगातून एक काडी उचलली, बुंध्याशी दोन बोटांत धरून फिरवली आणि त्यांच्या हातात दिली. "सांग. गोल की त्रिकोणी?"

मेहुण्यांनी बोटे फिरवली. "कडा लागताहेत. त्रिकोणी."

"लव्हाळा. बादलीत टाक. हे?"

"हे गोल."

"हा आपला कांदा. हे रोप उपटून पुन्हा लावलेलं चालतं. बाबा लावायचेच ना. ऊन चढायच्या आत झालं पाहिजे फक्त."

आणि सगळे बसले. पोस्टमास्तर म्हणाले, वास घेऊन बघा, लवकर होईल. पण तोवर सगळ्यांच्या बोटांना कांद्याचा वास लागला होता आणि लव्हाळ्यालाही कांदाच यायला लागला, तेव्हा बोटांवरच भिस्त राहिली. गवत विभागाच्या साहेबांनी मला दिलेले एवढेच ज्ञान. ते अखेर त्यांच्या कार्यालयाबाहेर कामाला आले. "गोल," "त्रिकोणी," "गोल," असा घोष चालला. वकीलसुद्धा उतरले, फक्त त्यांना प्रत्येक काडी वादग्रस्त वाटत होती. मेहुणे तपासनीस; त्यांच्या हातून एक चूक होत नव्हती. त्यांचा फोन वाजला. त्यांनी पाहिला नाही. परत वाजला. त्यांनी तो काढून सिमेंटवाल्याच्या हातात दिला.

"साहेब, गाडीचं काय करू?"

"थांब रे जरा. हा बघ, हा त्रिकोणीच आहे ना?"

सिमेंटवाल्याने पाहिले. "त्रिकोणी," तो म्हणाला आणि टेप खिशात घालून बसला.

ऊन चढायच्या आत रोप परत वाफ्यांत गेले. ओळी आधीपेक्षा सरळ आल्या, कारण मेहुण्यांनी टेपने मोजून लावल्या. बायको थर्मासमधला चहा सगळ्यांना देत फिरत होती. आणि मेहुणे? ते कडेला एका राहिलेल्या लव्हाळ्यापाशी थांबले होते. त्यांनी तो उपटला. गाठ आली. गाठीला धागा, धाग्याला गाठ. त्या इस्त्रीच्या विजारीत ते गुडघ्यांवर चालत, गाठीमागून गाठ काढत, पार कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा केस विस्कटलेले, नाकाला माती आणि चेहरा असा, की मी त्यांना पंचवीस-तीस वर्षांत कधी असे पाहिले नव्हते. सिमेंटवाल्याला ते म्हणाले, "गाडी नको पाठवूस."

मग त्यांनी मला खुणेने बाजूला बोलावले. क्षण आला होता. मी कमरेवर हात ठेवले. मानव, वनस्पती, अंतिम विजय, सगळे ओठांवर होते. फक्त त्यांनी आधी चुकलो म्हणावे एवढीच अपेक्षा होती.

"भाऊजी," मेहुणे इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "त्या कोपऱ्यातला तेवढा काढू नका हं. मी पुढच्या रविवारी येतो."

मी कमरेवरचे हात खाली घेतले.

"आणि जमलं तर," ते म्हणाले, "मधूनमधून त्याला पाणी घालत जा."